सुमन गावंडेची साखरेची चुंबळ

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात वाळत घातलेल्या भरल्या मिरच्या उलटत होते. फोन तिच्या पुतण्याचा, विजयचा होता. "डॉक्टर मावशी, आत्या गेली," तो म्हणाला. मग हळूहळू त्यानं सगळं सांगितलं. सकाळी भाजीवाल्याशी तिचं वाजलं होतं, वांगी हुंगून तिनं परत केली होती. दुपारी नीट जेवली, ताक प्याली, खुर्चीत टेकली... पंखा लावू का म्हणून विजयची बायको विचारायला गेली तर ही केव्हाच निघून गेलेली. भाजीवाल्याशी वाजल्याचं ऐकून मला हसू आलं, आणि त्या हसण्याची मला लाजही वाटली नाही. फोन ठेवून मी पायरीवर बसले. सुमन गावंडे भांडून, जेवून आणि कुणाला त्रास न देता गेली होती. तिला विचारलं असतं तर तिनं याच क्रमानं मागितलं असतं.

आमची ओळख अमरावतीच्या मुलींच्या शाळेतली. मी तिथल्या एका वकिलाची मुलगी, घरात पुस्तकी मराठी. ती तेल्हाऱ्याकडच्या एका गावची. वडिलांची काळ्या मातीची कपाशीची शेती, आणि पोरीनं शिकावं असा आईचा हट्ट. त्या हट्टापायी ती मामांकडे अमरावतीला राहायला आली. पहिल्याच दिवशी बाईंनी तिला खिडकीजवळून उठून मागच्या बाकावर जायला सांगितलं, तर ती उभी राहून म्हणाली, "काहून? मले अठी बरं दिसते." अख्खा वर्ग हसला. सुमननं वर्गाकडे एकदा पाहिलं आणि ती खाली बसली, तिथंच. पुढे ती नागपूरला एम.एस्सी. झाली, रसायनशास्त्राची प्राध्यापक झाली, परिषदांमधून तिनं इंग्रजीत निबंध वाचले. पण ती भाषा तिनं बदलली नाही. बेंझिनबद्दल आणि बेसनाबद्दल ती एकाच सुरात बोलायची.

तिनं नागपूरला रसायनशास्त्र केलं आणि मी तिथंच डॉक्टर झाले. आपला वऱ्हाड मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या सुमारास ती अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवत होती आणि मी अकोल्याच्या एका दवाखान्यात होते. महिन्यातून एखादा रविवार तरी ती बडनेऱ्याला गाडी बदलून माझ्याकडे यायची. जेवणं झाली की आम्ही माडीवर बसायचो आणि ती मला तिचं संशोधन सांगायची. मला त्यातलं अर्धं कळायचं. पण एका बाबतीत तिनं मला पक्कं तयार केलं होतं. "डोक्यावर घागर ठेवाले बाया चुंबळ करतात ना," ती म्हणायची, "तशी साखरेची चुंबळ हाये. सात साखरी एकमेकीचा हात धरून गोल उभ्या. मधात पोकळी." पिठातल्या स्टार्चची लांब साखळी असते. एक विशिष्ट जंतू त्या साखळीचा तुकडा तोडतो आणि त्याची दोन टोकं जोडून असं कडं बनवतो. कड्याची बाहेरची बाजू पाण्यात रमते, आतल्या पोकळीला मात्र तेलकट वस्तू आवडतात. तेव्हा तेलासारखं, पाण्याशी न पटणारं एखादं औषध त्या पोकळीत नेऊन बसवता येतं, आणि बसलं की ते तिथं सुरक्षित राहतं. परदेशात यावर थोडं काम चाललं होतं. सुमनला ते अमरावतीत करायचं होतं.

त्यासाठी आधी तो जंतू हवा होता. परदेशातून मागवायचा तर कॉलेजनं हात वर केले. सुमननं वाचलं होतं की तिकडे ताग-जवसाच्या काड्या पाण्यात कुजवून दोर काढतात, त्या पाण्यात हा जंतू सापडतो. हे वाचल्यावर ती एकटीच खूप हसली म्हणे. तिच्या गावाला नाल्यात दरवर्षी अंबाडी सडत पडलेली असायची आणि लहानपणापासून त्या वासाला नाक दाबून ती शाळेत गेलेली. दिवाळीच्या सुटीत ती गावी गेली आणि त्या नाल्याचं पाणी चांगल्या घागरीत भरून घेऊन आली. तिचे वडील नारायणराव पुढे कित्येक वर्षं ही हकिकत सांगायचे. पोरगी शहरात परत जायची तर लोक खाऊ देऊन पाठवतात, आमच्या पोरीनं नाल्याचं सडकं पाणी नेलं, आणि तेही बैलगाडीत स्वतःच्या मांडीवर धरून! ते पाणी तिनं तापवलं. बाकीचे जंतू मेले, पण याची बीजं उष्णतेला दाद देत नाहीत, ती उरली. मग पिठाच्या खळीवर त्यांना वाढवलं. प्रयोगशाळेत असा वास सुटला की शेजारच्या वर्गातले संस्कृतचे सर प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य पाहायला आले. सुमननं त्यांना सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. आयोडीनचा थेंब टाकल्यावर तिथं त्या कड्यांचे स्फटिक निळ्या, सहाकोनी पातळ चकत्यांसारखे चमकत होते. प्राचार्य बराच वेळ वाकून पाहत राहिले आणि जाताना फक्त खिडक्या उघड्या ठेवा म्हणाले.

आता यात माझा संबंध कसा आला ते सांगते. माझ्या दवाखान्यात रातांधळेपणाची मुलं येत. दिवेलागणीला ती भिंतीला हात लावत चालायची, ताटातली भाकरी चाचपडायची. त्यांना अ जीवनसत्त्व हवं, आणि ते आमच्याकडे शार्क माशाच्या तेलातून यायचं. अकोल्याचा उन्हाळा ज्यानं भोगलाय त्याला सांगायला नको. मे महिन्यात त्या तेलाच्या बाटलीचं बूच काढलं की रांगेतली माणसं मागं सरायची. मुलं थुंकून टाकत. माळकरी घरांतून ती बाटली उंबऱ्याच्या आत येत नसे. आणि उन्हानं खवट झालेल्या तेलात जीवनसत्त्व तरी किती उरत असेल, याची मला शंकाच होती. एकदा सुमन बसलेली असताना जुन्या शहरातली एक विणकर बाई आली. तिच्या मुलीला, शकूला, महिनाभर तेल देऊनही फरक नव्हता. मी जरा रागावून विचारलं, रोज देता ना? ती म्हणाली, "बाई, देतो. पन थे पोटात राहत नाई, आन् वास घरात राहते." सुमन त्या मुलीकडे पाहत होती. शकू पाच-सहा वर्षांची, तेलाची बाटली दिसताच आईच्या पदरात तोंड लपवून उभी. बाई गेल्यावर सुमननं ती बाटली उचलली, हुंगली, आणि तोंड वाकडं न करता मला म्हणाली, "मालू, तुयं तेल माह्या चुंबळीत बसते का पाहू."

त्यानंतरची दोन-अडीच वर्षं तिनं याच्यातच घातली. कड्यांचं कोमट पाणी करायचं, त्यात तेल घालून हलवत राहायचं, थंड होऊ द्यायचं. तळाशी पांढरी भुकटी बसे. ती गाळायची, वरवरचं तेल धुऊन काढायचं, वाळवायची. पहिल्यांदा तिनं ती भुकटी कागदाच्या पुडीत मला आणून दिली तेव्हा मी ती नाकाला लावली. काही नाही. पिठीसाखरेला येईल तेवढासुद्धा वास नाही. मी तिच्याकडे पाहिलं तर ती गालातल्या गालात हसत होती. नागपूरचे तिचे डॉक्टरेटचे मार्गदर्शक मात्र हसले नाहीत. तेल आत बसलंय कशावरून, भुकटीला नुसतं माखलं असेल, असं त्यांचं म्हणणं. सुमनला ते पटलं. तिनं साधी भुकटी आणि तेल खलून एक वेगळं मिश्रण केलं आणि दोन्ही ईथरनं धुतली. मिश्रणातलं तेल लगेच सुटून आलं. तिच्या भुकटीतलं हलेना; गरम पाण्यात भुकटी विरघळवली तेव्हाच ते बाहेर आलं. सर म्हणाले, ठीक आहे, पण टिकतं का ते पाहा.

टिकतं का ते पाहायला अकोल्याच्या उन्हाळ्यापेक्षा चांगली जागा नव्हती. माझ्या माडीच्या खिडकीत होळीपासून दोन बशा ठेवल्या, एकीत तेल, एकीत भुकटी, वर जाळीचं झाकण. माझ्या सासूबाईंनी तो कोपरा तेवढा सारवायचा सोडून दिला. मृगाच्या तोंडाशी सुमन आली, दोन्ही नमुने घेऊन मला अमरावतीला घेऊन गेली. अ जीवनसत्त्व असेल तर एका रसायनानं निळा रंग उमटतो, पण तो रंग क्षणभराचा. पाहतापाहता विरतो. तिनं आधी उन्हात राहिलेल्या तेलाला ते रसायन घातलं. नळी मळकट पिवळी झाली, तशीच राहिली. मग भुकटीतून काढलेल्या तेलाची नळी. तिनं थेंब सोडले आणि नळीत निळं उजाडलं... अगदी गडद नाही, पण निळं. आम्ही दोघी एकमेकींना टेकून उभ्या होतो. रंग विरून गेला. "दिसलं?" तिनं विचारलं. दिसलं म्हटलं. "मले वाटलं, मलेच दिसून राहिलं," ती म्हणाली आणि स्टुलावर बसून पदरानं तोंड पुसलं.

मी तर हुरळूनच गेले होते. तिनं एक बरणीभर भुकटी करून दिली, मी ती दवाखान्याच्या कपाटात कुलुपात ठेवली. वरिष्ठांशी बोलून घेतलं. शकूच्या आईला आणि आणखी काही आयांना पुढच्या सोमवारी मुलांना घेऊन यायला सांगितलं. भुकटी ताकातून द्यायची असं आमचं ठरलं होतं.

त्या सोमवारी दवाखाना उघडायला मी गेले तर पायरीवर सुमन बसलेली. पहाटेच्या गाडीनं आली होती. केस विस्कटलेले, पायात दोन तऱ्हांच्या चपला. आधी तिनं विचारलं, "एकाही लेकराले देल्लं काय?" नाही म्हटल्यावर तिनं माझा हात धरून कपाट उघडायला लावलं, बरणी काढली, पिशवीत घातली, पिशवीचं तोंड दोरीनं बांधलं. मग पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर तिनं कारण सांगितलं. कॉलेजच्या वाचनालयात शनिवारी परदेशी नियतकालिकांचं पुडकं सुटलं होतं. अंक ती घरी घेऊन गेली होती; रविवारी रात्री त्यातल्या एका लांबलचक आढाव्यात तिला एक ओझरती ओळ दिसली. उंदरांना ही कडी खाऊ घातली, उंदीर थोडं खाऊन मेले. का मेले ते लिहिलं नव्हतं. आयांना मी परत पाठवलं. औषध तयार नाही, एवढंच सांगितलं. शकू खूश झाली, तिला वाटलं तेलच टळलं.

सगळे गेल्यावर मी सुमनला म्हटलं, सुटलो बाई. तिनं पिशवीची गाठ पुन्हा आवळली. म्हणाली, "मालू, मी खाल्लं हाये." मला कळेना. मग तिनं सांगितलं. मुलांना द्यायच्या आधी आपण खाऊन पाहावं म्हणून पंधरा-वीस दिवस ती रोज चमचाभर भुकटी ताकातून घेत होती. मला सांगितलं असतं तर मी घेऊ दिलं नसतं, म्हणून सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणून माझं डोकं क्षणभर बंद पडलं आणि मैत्रीण म्हणून मी तिला जे बोलले ते इथं छापण्यासारखं नाही. रजा टाकायला लावून मी तिला घरी ठेवून घेतलं. लघवी तपासली, रक्त तपासलं, यकृत चाचपलं, रोज वजन केलं. ती माझ्या सासूबाईंच्या हातचे रोडगे खात माडीवर लोळत होती. प्रकृतीला काही झालं नव्हतं. वजन तेवढं वाढलं. "उंदीर मेले, अन् मी बम फुगून राहिली," असं म्हणत ती हसायची. पण मी पाहत होते, दुपारी सगळे झोपले की ती खिडकीशी बसून त्या बांधलेल्या पिशवीकडे टक लावून असायची. बरणीतली एक चिमूट शकूच्या पोटात गेली असती तर, हे तिच्या मनातून जात नव्हतं. तिला तो विषयच सोडायचा होता. एकदा तसं बोललीही.

पण सोडणं तिच्या रक्तात नव्हतं. एका दुपारी माझी सासू भाताची पेज काढत होती, झाकण उचलल्याबरोबर वाफेचा वास स्वयंपाकघरभर गेला. सुमन उठली. तिनं पिशवी सोडली, एका जुन्या पातेल्यात पाणी आणि मूठभर भुकटी घातली आणि ते अंगणातल्या चुलीवर उकळायला ठेवलं. आम्ही दोघी सासू-सून लांब उभ्या. वाफ निघाली तशी ती पुढं वाकली, पटकन मागं झाली आणि मला बोलावलं. मीही हुंगलं. रंगाचा नवा डबा उघडावा तसा वास! तो होता टोल्यूइनचा. ही कडी पाण्यातून वेगळी काढायला ते रसायन घालावं लागतं. सुमनची समजूत, धुतल्या-वाळवल्यावर ते उडून जात असेल. ते कुठं गेलंच नव्हतं. काही कड्यांच्या पोकळीत तेल बसलं होतं आणि काहींच्या पोकळीत हे विष बसून राहिलं होतं, वासाचा मागमूस न देता. ज्या बिनवासाच्या भुकटीचा आम्हाला इतका अभिमान, तिनंच हेही लपवलं होतं. सुमन अंगणात उकिडवी बसली आणि मोठ्यानं हसली. "मी बह्याड! पोकळी खाली राह्यते असं समजून बसली होती. खाली जागा कोठी असते काय?"

ती त्याच दिवशी अमरावतीला परतली. आता तिनं कडी आधी तासन् तास वाफेवर धरून मोकळी करायला सुरुवात केली, आणि पुढं टोल्यूइन न वापरता, नुसतं पाणी आटवून स्फटिक काढायची पद्धत बसवली. माल थोडा मिळे, वेळ खूप जाई. नागपूरहून पांढरे उंदीर आणून तिनं घराच्या मागच्या खोलीत पिंजऱ्यात ठेवले. नारायणराव कपाशी विकून अमरावतीला आले की आधी ते पिंजरे पाहत. "आमी जलमभर उंदरं मारली, अन् हे पोट्टी पोसून राहिली," असं म्हणायचे, आणि खिशातले फुटाणे पिंजऱ्यात टाकू नका म्हणून सुमनची बोलणी खायचे. काही उंदरांना जुनी भुकटी, काहींना नवी. जुनी खाणारे सुकत गेले. नवी खाणारे इतके धष्टपुष्ट झाले, त्यांची वीण इतकी वाढली की शेवटी सुमनच्या आईनं, ते घर उंदरांच्या नावानं करून द्या, असं सांगून टाकलं.

मी पुन्हा बरणी मागितली. सुमननं दिली नाही. उंदीर म्हणजे लेकरं नव्हेत, म्हणाली, आणि आपण दोघी म्हणजे काही औषधं पास करणारं सरकार नव्हे. मी रागावले, वाद घातला. ती ढिम्म. आणि मग व्हायचं तेच झालं. साठ सालानंतर आमच्या दवाखान्यात अ जीवनसत्त्वाचे गोड चवीचे थेंब येऊ लागले, मुलं ते चाटून घेत. आयांना मी पालेभाजी, पपई, गाजर घालायला सांगत होतेच. शकूची संध्याकाळची दृष्टी सुधारली ती त्या थेंबांनी आणि आईनं नेमानं घातलेल्या अंबाडीच्या भाजीनं. सुमन आली होती तेव्हा दिवे लागल्यावर शकू धावत जिना चढून माडीवर आली, हे तिनं पाहिलं. मला वाटलं तिला वाईट वाटेल, इतक्या वर्षांची मेहनत. ती शकूला जवळ घेऊन म्हणाली, "पाह्य मालू, अंबाडीच्या सडक्या पान्यापासून मी कुठं कुठं फिरून आली, अन् औषध पाल्यात होतं." आणि खरंच खुशीत होती.

तिला डॉक्टरेट मिळाली. प्रबंधात एक अख्खं प्रकरण त्या टोल्यूइनवर होतं, स्वतः खाल्ल्याचा उल्लेख मात्र नव्हता. पुढं तिनं कापूर, पुदिन्याचा अर्क, सॅलिसिलिक आम्ल असं कायकाय त्या कड्यांत बसवून पाहिलं, विद्यार्थ्यांच्या तीन पिढ्या घडवल्या, आणि तिच्या हाताखालच्या कुणीही कुठलीही बाटली बिनवासाची म्हणून निर्धास्त सोडली नाही. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, पाहून गेले तेच प्रयोगशाळेच्या वासानं पळाले. बऱ्याच वर्षांनी मी निवृत्त झाले तेव्हा गुडघेदुखीच्या एका गोळीच्या माहितीपत्रकात मला तिच्या कड्याचं नाव दिसलं. मी फोन लावला. तिनं मला ते नाव पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "चांगलं झालं. उकळून पाह्यलं असन ना त्याईनं?"

तेराव्यानंतर मी अमरावतीला जाऊन आले. विजयच्या बायकोनं, अर्चनानं, मला सुमनच्या खोलीत बसवलं. खोली आवरलेली होती, खिडकी उघडी. थोड्या वेळानं ती ताटलीत चिवडा घेऊन आली. ताटली माझ्यापुढं धरायच्या आधी तिनं त्यातला एक घास स्वतः तोंडात टाकला, चावला, गिळला. मग तिला एकदम ओशाळल्यासारखं झालं. म्हणाली, राग मानू नका, आमच्या घरात वाढणाऱ्यानं आधी खायचं, आत्याबाईंची शिस्त. लग्न होऊन आले तेव्हा मला हे उष्टं वाटायचं. आता मुलांना दूध देतानासुद्धा आधी माझा घोट होतो, हात ऐकत नाही.

मी ताटली हातात घेतली. चिवड्यात तिखट जरा जास्त होतं. मी सगळा संपवला.